न निघालेले दोन अंक आणि हरवलेले कितीतरी

इंद्रजाल कॉमिक्स जमवायला नुकतीच सुरुवात केलेला माणूस कधी ना कधी १२३ आणि १२४ क्रमांकाचे अंक शोधू लागतो. यादीत १२२ नंतर एकदम १२५ येतो. मधली दोन घरे रिकामी. तो ओळखीच्या जुन्या पुस्तकवाल्याला सांगून ठेवतो, दुसऱ्या शहरातल्या संग्राहकांकडे चौकशी करतो. मग कुणीतरी जाणता त्याला सांगतो की हे अंक कुणाकडेच नाहीत, कारण ते छापलेच गेले नाहीत. हे अंक काढणाऱ्या टाइम्स ऑफ इंडियात संप झाला, छपाई थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा क्रमांक मात्र पुढचा पडला. मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत इंद्रजालचे क्रमांक ८०५ पर्यंत गेले. अंक निघाले ८०३.

अमेरिकेतल्या संग्राहकांच्या वाट्यालाही असेच एक रिकामे घर आले आहे. तिथे गोल्ड की या प्रकाशकाने १९६२ मध्ये इंद्रजालचाही मुख्य नायक असलेल्या फँटमचे स्वतंत्र कॉमिक सुरू केले. पुढे ते किंग कॉमिक्सकडे गेले. किंगने २८व्या अंकावर हात आखडला आणि १९६९ मध्ये चार्ल्टनने ते ३०पासून पुढे चालवले. २९वा अंक नाही.

न निघालेल्या अंकांचा हिशेब असा चोख लागतो. निघालेल्या अंकांचा लागत नाही, आणि मराठी अंकांचा तर नाहीच.

ज्यांचे बालपण वेताळाशिवाय गेले त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. फँटम, म्हणजे आपला वेताळ, ही अमेरिकन लेखक ली फॉक यांची निर्मिती. १९३४ मध्ये त्यांनी जादूगार मँड्रेकची चित्रमालिका सुरू केली आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रांतून फँटम अवतरला. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षे होती. अंगासरसा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि मुखवट्याआड बुबुळे न दिसणारे पांढरे डोळे, हे पुढच्या किती नायकांनी उचलले ते कुठल्याही कॉमिकच्या मुखपृष्ठावर दिसते. पण वेताळाजवळ अमानवी शक्ती नाही. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवत आला. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलाला वाटते, हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. वाचकाला मात्र ठाऊक असते की तो मरतो, आधीच्या वीस जणांसारखा हाही कधीतरी मरणार आहे. या कथेची सगळी ताकद मला या एका युक्तीत दिसते. नायकाला जखम होते तेव्हा ती खरी वाटते.

गोऱ्या माणसाने जंगलातल्या काळ्या माणसांची राखण करायची, ही या कथेच्या मुळातली खोट आहे. आज ती डोळ्यांत खुपते आणि खुपायलाच हवी. फॉक यांनी पुढे कथेतल्या देशाला लोकांनी निवडून दिलेला आफ्रिकी अध्यक्ष दिला, डॉक्टर लमांडा लुआगा. मूळ चौकट त्यामुळे मोडली नाही, पण लेखक काळाबरोबर हलत होता हे त्यातून कळते. जुने अंक सालवार लावून वाचणाऱ्यालाच ही हालचाल दिसते. सुटे चार अंक वाचून ती दिसत नाही.

भारतात इंद्रजाल काढले ते टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, मुंबईतून. त्या वेळी तिथे नोकरीला असलेले अनंत पै या कामात होते. १९६७ मध्ये त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली; तिची पूर्वतयारी इंद्रजालच्या टेबलावर झाली असे म्हणायला हरकत नाही. पहिल्या अंकात वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट होती आणि पहिले ३२ अंक फक्त वेताळाचेच होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर ही मंडळी आली, तरी एकूण अंकांपैकी निम्म्याहून अधिक वेताळाने व्यापले. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक, असा वेग वाढत गेला. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा भाषांतून अंक निघू लागले.

हे निव्वळ पुनर्मुद्रण नव्हते, आणि इथेच संग्राहकाचे खरे काम सुरू होते. फॉक यांची गोष्ट मुळात वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींनी पुढे सरके आणि कित्येक आठवडे चाले. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत तिला अवघी १६ पाने मिळत. उरलेल्या पानांवर इतर मजकूर असे. त्यामुळे चौकटी गाळल्या गेल्या. कुठे एखादा संवाद, कुठे अख्खा प्रसंग. शिवाय नावे बदलली गेली. मूळ कथेतला बेंगाला हा देश बंगालशी नाते सांगणारा वाटू नये म्हणून त्याचे डेंकाली झाले. सिंग नावाच्या चाच्यांची टोळी सिंगा झाली. पहिल्याच अंकातल्या खुन्याचे मूळ नाव राम; ते रामालू केले गेले. भारतीय वाचकाच्या हातात आपण काय देतो आहोत याचा विचार करून कुणीतरी तांबड्या शाईने हे बदल केले असणार. परदेशी संग्राहक आज इंद्रजालचे अंक मागतात त्याचे एक कारण हेच आहे: ही वेताळाची भारतीय आवृत्ती आहे आणि ती दुसरीकडे कुठेही नाही.

दुसरे कारण मुखपृष्ठे. पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली. मलपृष्ठावर जाहिरातीऐवजी भिंतीवर लावण्याजोगे चित्र असे. त्यांचा वेताळ वर्तमानपत्रातल्या रेषाचित्रासारखा सपाट नाही. त्याला स्नायू आहेत, मागच्या झाडोऱ्याला खोली आहे, वाघाच्या अंगावर उजेड पडलेला आहे. याच गोविंद ब्राह्मणिया यांनी पुढे बहादूर रेखाटला. आबिद सुरती यांनी डिसेंबर १९७६ मध्ये आणलेला हा नायक कुर्ता आणि जीन्स घालून चंबळच्या डाकूंशी लढत असे. भारतीय कॉमिक्सच्या इतिहासात बी. गोविंद यांचे नाव आज घेतले जाते त्याहून कितीतरी मोठ्याने घेतले जायला हवे. त्यांची मुखपृष्ठे जुन्या, सुरकुतलेल्या अंकांवरच पाहावी लागतात, आणि मलपृष्ठावरचे चित्र तर अनेक प्रतींवर नाहीच, कारण ते ज्या कामासाठी दिले होते त्याच कामासाठी मुलांनी वापरले. फाडून भिंतीवर लावले.

अंक नाहीसे कसे झाले? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सरकारने रद्दी जमवण्याच्या मोहिमा काढल्या आणि लाखो मुलांनी देशासाठी आपली कॉमिक्स लगद्यात दिली. १९३८ मध्ये १० सेंटला मिळणारा, सुपरमॅनच्या पहिल्या गोष्टीचा ॲक्शन कॉमिक्स क्रमांक १ एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकला गेला, त्यामागे ही टंचाई आहे. आपल्याकडे अशी मोहीम लागली नाही. आपल्याकडे रद्दीवाला दर महिन्याला दाराशी येतो. मुले मोठी झाली, घर बदलले, दिवाळीची साफसफाई निघाली, की कपाटातला गठ्ठा तराजूवर चढतो. वर्तमानपत्र किलोला एक भाव, पुस्तके-मासिके किलोला दुसरा. कॉमिक्सला वेगळा भाव नव्हता.

त्यातून वाचले ते बहुधा गल्लीतल्या वाचनालयांत. दिवसाच्या भाड्याने कॉमिक्स देणारी ही दुकाने शहरांत आणि तालुक्याच्या गावांत होती. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचा धंदा तेजीत असे. प्रती टिकाव्यात म्हणून मालक त्यांना खाकी कागद चिकटवी, दाभणाने भोके पाडून सुतळीने शिवी किंवा पाच-सहा अंक एकत्र बांधून कडा कापून घेई. त्या कापणीत पानाच्या कडेचे शब्द गेले. पण अंक राहिले. आज बाजारात येणाऱ्या कितीतरी प्रतींवर वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि पेनने घातलेला क्रमांक असतो. पाश्चात्त्य संग्राहक अशी प्रत बाजूला सारेल. मी तसे करणार नाही. शिक्का असलेल्या प्रतीला पत्ता असतो. ती कुठल्या गावात, कुठल्या पेठेत वाचली गेली ते कळते, आणि मराठी कॉमिक्स कुठवर पोहोचली होती याची दुसरी नोंद आपल्याजवळ नाही.

जे अंक उरले त्यांच्या मागे लागते ती कोकण आणि मुंबईची दमट हवा. स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातले लिग्निन राहते, ते उजेडाने आणि हवेने पिवळे पडते, कागद आम्लाने आतून खंगत जातो आणि घडीवर तुटतो. पिना गंजतात, गंजाचा डाग आधी मधल्या पानावर पडतो आणि मग पान पिनेपासून सुटते. कसर शाईपेक्षा डिंकावर आधी जाते, म्हणून खाकी कागद चिकटवलेल्या प्रतींना ती जास्त लागते. वाळवीचे सांगायलाच नको. यात सर्वांत मोठे नुकसान मात्र प्रेमाने केलेले असते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावली की काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि तो काढता येत नाही. मुखपृष्ठ लॅमिनेट करणे त्याहून वाईट.

जुने अंक मिळण्याची ठिकाणे सगळ्यांना ठाऊक आहेत: मुंबईत हुतात्मा चौकाजवळचे पदपथ, माटुंग्याचे किंग्ज सर्कल, चोरबाजार, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर. मात्र पदपथावर हाताला लागेल ते दिवस सरले. आता विक्रेत्याला भाव माहीत असतो आणि चांगला गठ्ठा पदपथावर उतरण्याआधीच ठरलेल्या गिऱ्हाइकाकडे जातो. संग्राहकांची खरी देवघेव आपापसांत होते: माझ्याकडे जास्तीचा असलेला अंक तुला, तुझ्याकडचा मला. यात पैशापेक्षा यादी महत्त्वाची. ज्याची यादी चोख त्याचा संग्रह वाढतो.

भाव वाढला की नकलाही येतात. जुना अंक स्कॅन करून रंगीत प्रत काढायची, मधोमध पिना मारायच्या आणि जुना म्हणून विकायची, हे होते. ओळखण्यासाठी बहिर्गोल भिंग पुरते. मूळ छपाईत रंग ठिपक्यांनी उतरलेला असतो आणि ठिपक्यांची ओळ स्वच्छ दिसते. स्कॅनवरून छापलेल्या पानात जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके चढून जाळीदार लाटा उमटतात. लेझर प्रिंटरची शाई कागदात मुरत नाही, वर चकाकत राहते. पिनेभोवती गंजाचा डाग नसेल आणि पान मात्र पिवळे असेल तर थांबावे. आणखी एक गोंधळ आकड्यांचा आहे. ४४३ व्या अंकानंतर सलग क्रमांक बंद होऊन खंड २०, अंक १ अशी पद्धत सुरू झाली. त्यामुळे दोन संग्राहक एकाच अंकाबद्दल दोन वेगळे आकडे बोलत असतात. क्रमांक, तारीख आणि कथेचे नाव, तिन्ही जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भाषा वेगळी असेल तर दुप्पट खात्री करावी.

आता पुनर्मुद्रणांकडे येतो, कारण जुने अंक कशाला हवेत, गोष्ट तर नव्याने छापलेली मिळते, असे अनेक जण विचारतात. मिळते, हे खरे. ऑस्ट्रेलियात फ्रू ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून फँटम छापते आहे. फोर्सिथ, रिचर्डसन, आयझन आणि वॉटसन या चार संस्थापकांच्या आडनावांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव झाले. तिच्या जुन्या अंकांतही कथा कापल्या जात. १९८७ नंतर संपादक जिम शेफर्ड यांनी त्या कथा पूर्ण स्वरूपात छापायला घेतल्या आणि सुरुवातीच्या दुर्मीळ अंकांच्या हुबेहूब प्रतिकृती विशेषांकांबरोबर दिल्या. प्रतिकृतीवर प्रतिकृती असे लिहिलेले असते. वाचकाला गोष्ट मिळते, मूळ प्रतीचे मोलही राहते. पुनर्मुद्रण करावे तर असे. स्वीडनमध्ये १९५० पासून ‘फँटोमेन’ निघते, तिथे वेताळ निळा आहे. इटलीत तो तांबडा. फॉक यांच्या मनात करडा रंग होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा तो जांभळा झाला आणि आपल्याकडेही मुख्यतः तोच आला. अमेरिकेत हर्मीस प्रेसने २०१० पासून वर्तमानपत्रातल्या मूळ पट्ट्या १९३६ पासून ओळीने ग्रंथरूपात आणायला घेतल्या. इंद्रजालने गाळलेल्या चौकटी तिथे सापडतात. रे मूर यांची सुरुवातीची सावल्यांनी भरलेली रेषा, विल्सन मॅकॉय यांचा साधा, ठळक हात आणि १९६१ नंतरचे साय बॅरी यांचे बांधेसूद चित्रण, हा प्रवास या ग्रंथांत पाहावा. भारतीय वाचकांच्या डोळ्यांतला वेताळ बहुतेक बॅरी यांचा आहे.

इंद्रजाल बंद पडल्यावर भारतात डायमंड कॉमिक्सने वेताळाची पुस्तके काढली, तमिळमध्ये राणी कॉमिक्सने १९९० पासून तो चालू ठेवला. नंतरही इंग्रजी-हिंदीत अधूनमधून नव्या आवृत्त्या आल्या. त्या विकत घ्याव्यात. मुलांच्या हातात जुना, ठिसूळ अंक देण्यापेक्षा नवी प्रत देणे केव्हाही चांगले.

पण या सगळ्या पुनर्मुद्रणांत मराठी इंद्रजाल नाही. फॉक यांचे इंग्रजी सुरक्षित आहे. मूर, मॅकॉय, बॅरी यांची रेषा सुरक्षित आहे. त्या कथांना मुंबईत बसून कुणी मराठी दिली ती मराठी मात्र फक्त त्या पिवळ्या पानांवर आहे. हे काम सोपे नव्हते. इंग्रजी मोठ्या अक्षरांची ओळ सरळ रेषेत बसते. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार यांची जागा लागते. फुगा तेवढाच, चित्र तेवढेच. म्हणजे भाषांतरकाराला वाक्य आखूड करावे लागे आणि तरीही ते एका चाच्याच्या, एका राणीच्या, एका टोळीप्रमुखाच्या तोंडी शोभायला हवे. बोलीतले, तोडून टाकलेले, जोरकस मराठी वाक्य अनेक मुलांनी पहिल्यांदा तिथे वाचले. ज्यांना पाठ्यपुस्तकाबाहेर वाचायची गोडी ‘चांदोबा’ने लावली त्यांच्यातल्या कित्येकांना पुढे वेताळाने धरून ठेवले. तरी मराठी बालसाहित्याच्या चर्चेत या पानांना जागा मिळत नाही. भाषांतर म्हणून नाही, मराठी चित्रकथा म्हणून नाही, साधी नोंद म्हणूनही नाही. हा अन्याय आहे असे माझे मत आहे.

बाजाराने त्यात भर घातली. इंग्रजी इंद्रजालला गिऱ्हाईक देशभरातले आणि परदेशातलेही, मराठीला मराठी वाचणाऱ्यांपुरतेच. भाव कमी म्हणून विक्रेता ठेवून घेत नाही. ठेवून घेत नाही म्हणून प्रती कमी होतात, आणि प्रती कमी असूनही मागणी नसल्याने भाव चढत नाही. पैशाच्या हिशेबाने पाहणारा संग्राहक इकडे फिरकणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ॲक्शन कॉमिक्सला ६० लाख डॉलर मिळाले म्हणून आपल्या माळ्यावर घबाड आहे असे समजणाऱ्यांची मात्र निराशा होईल. मराठी अंक जपायचे ते मराठीसाठीच जपावे लागतील.

हे होऊ शकते याचा पुरावा आपल्याकडेच आहे. नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून सर्वांना मोफत वाचायला खुले केले. पन्नास वर्षांपूर्वीची मुखपृष्ठे, कविता, चित्रे आज कुणीही पाहू शकतो. ‘किशोर’ला संस्था होती, दफ्तर होते. मराठी इंद्रजालला तसे कुणी उरलेले नाही. कथांचे हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्सकडे आहेत, त्यामुळे कुणी उत्साही माणूस उद्या अंक छापून विकू म्हणेल तर ते परवानगीशिवाय करता येणार नाही. पण सूची करायला कुणाची परवानगी लागत नाही. कुठल्या क्रमांकाचा मराठी अंक कोणत्या तारखेचा, त्यात कोणती कथा, किंमत किती, एवढी सालवार सूची आधी हवी. मराठी विभाग असलेल्या विद्यापीठांनी आणि शंभरी ओलांडलेल्या नगर वाचनालयांनी हे काम अंगावर घ्यावे. एका शहरात होणारे हे काम नाही. नागपूरच्या कपाटात असलेला अंक रत्नागिरीत नसेल. बडोदा, इंदूर, बेळगाव इथल्या मराठी घरांतही हे अंक गेलेले असणार.

म्हणून वाचकांना विनंती. दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची पेटी, पलंगाखालची ट्रंक, आजोळचे कपाट एकदा उघडून पाहा. मराठी इंद्रजाल सापडला, मुखपृष्ठ फाटलेला का असेना, तर सेलोटेप लावू नका, पिना ओढून काढू नका. मुखपृष्ठाचे, मलपृष्ठाचे आणि प्रकाशकाचा मजकूर असलेल्या पानाचे छायाचित्र घ्या. क्रमांक, तारीख, किंमत, कथेचे नाव आणि कुठे भाषांतरकाराचे नाव छापलेले असेल तर ते आवर्जून लिहून ठेवा. वाचनालयाचा शिक्का असेल तर गावाचे नावही. अंक आम्लरहित पुठ्ठ्यासह प्लास्टिकच्या पिशवीत, उभा, कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून वारा द्या. आणि द्यायचाच असेल तर किलोने देऊ नका. सूची करणाऱ्याला किंवा तो जपून ठेवील अशा वाचनालयाला द्या.